हाताला शिकवावा लागणारा प्रथमोपचार

१९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवायचा दंडक घातला. ती पेटी ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं आणि कामाच्या वेळेत तो हाताशी हवा, हेही त्याच कलमात होतं. पेटी दुकानातून आणता येते. माणूस मात्र तयार करावा लागतो, आणि तो नुसत्या व्याख्यानाने तयार होत नाही.

प्रशिक्षणात पहिली सवय लावावी लागते ती थांबण्याची. टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरलेला सहकारी कोसळला की दुसरा धावत आत जातो, आणि तिथल्याच विषारी वायूने तोही पडतो. विजेच्या धक्क्यातही तेच. माणूस अजून तारेला चिकटलेला असताना त्याला हात लावणारा स्वतः मंडलाचा (सर्किटचा) भाग होतो. म्हणून आधी मेन स्विच बंद. उच्च दाबाची लाइन असेल तर ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळच जायचं नाही. तिथे लाकडी काठीचाही भरवसा नाही.

वीज गेली, माणूस सुटला, हाक मारून आणि खांदे हलवूनही प्रतिसाद नाही. आता छातीकडे बघायचं, जास्तीत जास्त १० सेकंद. इथे फार लोक फसतात. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेतो. मेंदूच्या तळाकडून येणारी ती शेवटची धडपड असते, तो श्वास नव्हे. बघणारे म्हणतात, ‘श्वास चालू आहे,’ आणि मोलाची मिनिटं जातात. श्वास नेहमीसारखा नसेल तर १०८ला फोन लावायला एकाला नेमून सांगायचं आणि आपण छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची.

सरावाच्या पुतळ्यावर हे शिकताना गुडघे त्याच्या छातीला लागून टेकवा. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर. दुसरा हात त्यावर, बोटं गुंतवून वर उचललेली. कोपर ताठ, खांदे थेट हातांच्या वर. जोर दंडातून काढायचा नाही, कमरेतून वाकून अंगाचं वजन टाकायचं. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, गती मिनिटाला १०० ते १२०. दर ३० दाबांनंतर २ श्वास. श्वास देणं जमत नसेल तर नुसते दाब चालू ठेवा, पण थांबू नका.

नवशिक्याला ५ सेंटिमीटर फार वाटतात, म्हणून तो उथळ दाबतो. बरगडी मोडेल अशी भीती असते. ती मोडूही शकते, पण मोडलेली बरगडी जुळते. याहून लपून राहणारी चूक म्हणजे छातीवर रेलून राहणं. दाबताना रक्त मेंदूकडे ढकललं जातं, पण छाती वर येते तेव्हाच हृदयात रक्त परत भरतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः त्याच वेळी. दोन दाबांच्या मध्ये हातावर थोडंसं वजन राहिलं तरी हे भरणं अपुरं होतं. हात छातीला टेकलेला, पण भार शून्य: हे सांगून कळत नाही, पुतळ्यावर शंभरदा करूनच अंगी येतं.

थांबण्याची किंमतही तितकीच मोठी. महाधमनीतला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतला, रक्तदाब पहिल्या कित्येक दाबांनी हळूहळू चढतो आणि हात थांबताच पडतो. पुन्हा चढायला पुन्हा तेवढेच दाब खर्ची पडतात. म्हणून कुठलाही खंड १० सेकंदांच्या आत. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमला नाही असं तो म्हणाला तरी बदला, कारण खोली कमी झाल्याचं दाबणाऱ्याला बहुतेकदा जाणवतच नाही.

विजेच्या धक्क्याने हृदय बऱ्याचदा पूर्ण स्तब्ध होत नाही, ते नुसतं थरथरत राहतं. विजेचा शॉक देऊन ती थरथर मोडायला एईडी नावाचं यंत्र लागतं. सीपीआर (म्हणजे वर सांगितलेले दाब आणि श्वास) आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. यंत्र बोलून सूचना देतं, पण ते कुलूपबंद कपाटात असेल आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात, तर त्याचा उपयोग नाही.

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागात, बोट तुटण्याची तयारी तर हवीच. जखमेवर घट्ट दाब, हात उंच, आणि दहा मिनिटं पट्टी उचलून बघायचं नाही. बघितलं की धरू लागलेली गुठळी सुटते. तुटलेलं बोट मिठाच्या निर्जंतुक पाण्याने किंचित ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात, पाण्यात बुडवलं तर फुगतात. बोटात स्नायू जवळजवळ नसतात, म्हणून थंड ठेवलं तर ते हातापायापेक्षा जास्त वेळ तग धरतं. पिशवीवर नाव आणि वेळ लिहा.

भाजल्यावर चालत्या नळाखाली २० मिनिटं. अंगठी, कडं सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काहीही नको. लेपाखाली उष्णता कोंडते आणि दवाखान्यात तो खरवडून काढावा लागतो.

सीपीआरचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ढिलं पडतं. वर्षातून एकदा अख्खा दिवस प्रशिक्षण ठेवण्यापेक्षा दर तिमाहीला पंधरा मिनिटं पुतळ्यावर हात चालवणं जास्त उपयोगी, आणि ते रात्रपाळीतही व्हायला हवं. त्याच सरावात मेन स्विच कोण पाडणार, एईडी कोण आणणार, लिफ्ट कोण रोखून धरणार हे माणसागणिक ठरवा. एकजण गेटवर उभा हवा, म्हणजे आत आलेल्या रुग्णवाहिकेला कुठला शेड हे विचारत फिरावं लागणार नाही.