कोपनहेगनला आठ तास आहेत, बाहेर जाता येईल का?

अमेरिकेला मुलाकडे निघालेल्या आई-बाबांचा हा प्रश्न हंगामात आम्हा ट्रॅव्हल एजंटांना रोज येतो, आणि बहुतेक वेळा तिकीट निघाल्यावर येतो. मुलगा तिकडून जरा स्वस्तातलं तिकीट काढतो, वाटेत डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, आठ-नऊ तास असतात, आणि तो फोनवर सांगतो, "नुसतं बसून काय करणार, शहर बघून या." बघण्यासारखं शहर आहेच. पण भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा तिथे चालत नाही, ग्रीन कार्डही नाही. मुलगा-सून अमेरिकन नागरिक असतील तर त्यांना व्हिसा लागत नाही. "आम्ही तर सहज बाहेर पडलो होतो," असं ते सांगतात ते खोटं नसतं, पण ते त्यांच्यापुरतं.

एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गडबड होते ती अर्जातल्या एका छोट्या चौकटीत: किती वेळा प्रवेश हवा? एकदा, दोनदा की अनेकदा? लोक सरळ "एकदा" वर खूण करतात, कारण डोक्यात ट्रिप एकच असते. पण जाताना बाहेर पडलात, परत विमानतळावर येऊन न्यूयॉर्कचं विमान धरलंत, की तो एक प्रवेश संपला. व्हिसाची तारीख पुढे चार महिने शिल्लक असली तरी संपला.

आमचं एक जोडपं असंच अडकलं. तिकीट आमच्याकडून, व्हिसाचा फॉर्म घरीच भरलेला. जाताना मजेत फिरून आले. परतीच्या वेळी सुनेचा भाऊ पलीकडच्या स्वीडनमधल्या माल्मोहून पूल ओलांडून भेटायला आला, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. हे दोघं काचेच्या आत, तो बाहेर. स्टिकरवर प्रवेशसंख्येपुढे "०१" छापलेलं होतं. सात तास आत बसून राहिले आणि पोळ्या माल्मोला परत गेल्या. तेव्हा व्हिसा हातात आला की आधी तो आकडा बघा. दोन्ही वेळा उतरायचं असेल तर तिथे "०२" किंवा "मल्ट" (म्हणजे अनेकदा) हवं, आणि व्हिसाच्या मुदतीत जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही तारखा बसायला हव्यात.

एकदाच बाहेर पडायचं असेल तर आमचं मत परतीच्या बाजूने. अमेरिकेहून येणारी विमानं बहुधा सकाळी उतरतात, अख्खा दिवस हाताशी असतो. व्हिसा मात्र भारतातूनच काढून न्यायचा. पाहुणे म्हणून गेलेल्यांचा अर्ज अमेरिकेत सहसा घेत नाहीत.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणार असाल तर आणखी सावध राहा. बॅगा थेट पुढे जात नसतील तर त्या घ्यायलाच पासपोर्ट तपासणी ओलांडून देशात शिरावं लागतं, म्हणजे शहर बघायचं नसलं तरी व्हिसा लागला. फ्रँकफर्ट किंवा झुरिकवरून कोपनहेगन आणि मग अमेरिका, असा मार्ग असेल तरीही लागला, कारण शेंगेनमधला प्रवेश त्या पहिल्याच विमानतळावर होतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी व्हायलाच हवा. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, कधी पंचेचाळीसही लागतात. फी मोठ्यांना ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा खर्च. विमा किमान ३०,००० युरोंचा. आमचे पैसे यावर वेगळे, आणि "फॉर्म तर ऑनलाइनच भरायचा, त्याचे कसले पैसे?" असं आम्हाला ऐकवलं जातं. पैसे फॉर्म टाइप करण्याचे नाहीत, ती चौकट तुमच्या तिकिटाशी ताडून बघण्याचे आहेत.

आता वेळेचा हिशेब. उतरण्यापासून उड्डाणापर्यंतचे आठ तास म्हणजे शहरातले आठ तास नव्हेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी सुरू झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याचा फोटो तिथेच घेतात (व्हिसावाल्यांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात), त्यामुळे रांग हलायला वेळ लागतो. बाहेर पडायला दीड तास, परतून सिक्युरिटी आणि पासपोर्ट तपासणीला अडीच तास, मेट्रोचा अर्धा-पाऊण तास वजा केलात की हातात तीन-साडेतीन तास राहतात. थांबा सात तासांच्या आत असेल तर आम्ही बाहेर जायला सांगत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

तीन तासांत काय होतं? पुष्कळ होतं. टर्मिनल ३ मधूनच एम-२ मेट्रो निघते, चालकाविना, रात्रंदिवस. तिकीट तीन झोनचं. पाव तासात काँगेन्स न्यूटॉर्व, तिथून दोन मिनिटांवर न्यूहाउन: कालवा, जुन्या लाकडी होड्या आणि काठाला रंगीत घरांची ओळ. ९ नंबरचं घर १६८१ चं आहे. परीकथावाला अँडरसन याच गल्लीत १८, २० आणि ६७ अशा तीन घरांत वेगवेगळ्या काळी राहिला. तिथून पायी अमालियनबोर्गच्या चौकात या, दुपारी बाराला राजवाड्यासमोर पहारा बदलतो. जलपरीच्या पुतळ्याचा हट्ट सगळेच धरतात. १९१३ चा तो पुतळा जेमतेम सव्वा मीटर उंच आहे आणि न्यूहाउनहून चालत जवळपास अर्ध्या तासावर. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या.

पैसे क्रोनमध्ये, युरो तिथलं चलन नाही. नोटा बदलत बसू नका, सगळीकडे कार्ड चालतं. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, त्या महिन्यात दुपारचा थांबा घेऊ नका. फुटपाथशेजारचा पट्टा सायकलींचा, त्यावर उभं राहून फोटो काढलात की घंट्या सुरू. आणि येताना काँगेन्स न्यूटॉर्वच्या फलाटावर पाटी वाचूनच डब्यात चढा: "लुफ्थाव्हनेन" म्हणजे विमानतळ. त्याच फलाटावर एम-१ ही येते, ती तुम्हाला वेस्टामागरला नेऊन सोडेल.

तिकीट काढायच्या आधी आलात तर थांबा किती तासांचा घ्यायचा तेही बघून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, फोन करून या. जुना पासपोर्टही बरोबर आणा.