बेटावरची शाळा समायोजित होणार असेल तर: काय मागायचं, कुठले कागद जोडायचे

शाळेचं समायोजन, म्हणजे कमी पटाची शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत घालणं, रस्त्याकडेच्या गावात होतं तसं पाण्याने वेढलेल्या गावात होत नाही. अर्जांचे नमुने मात्र दोघांना एकच असतात. उरण तालुक्यातलं घारापुरी, वसईच्या खाडीतलं पाणजू, विरारजवळचा अर्नाळा किल्ला, राजापूर तालुक्यातलं जुवे अशा ठिकाणी शेजारच्या गावची शाळा नकाशावर बोटभर अंतरावर दिसते, पण मध्ये होडी लागते. ही माहिती अशा गावांतल्या पालकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आहे. मधलं पाणी कागदावर आलं पाहिजे, एवढं धरून चाला. कागदावर नसलेली खाडी कार्यालयाच्या लेखी कोरडी जमीन असते.

विषय निघतो कुठून

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही दोन उदाहरणं समोर ठेवली होती. तेव्हाच्या आकडेवारीनुसार अशा शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवण्याचे निकष बदलले. त्यामुळे आदेश न येताही शाळा आकसू शकते. एक शिक्षक कमी होतो, मग दोन घरं मुलांना मुख्य किनाऱ्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवतात, पट आणखी उतरतो.

संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधारशी जुळलेला. गणपतीसाठी गावी आलेली पोरं त्यात मोजली जात नाहीत. शाळेत प्रत्यक्ष बसणारं एखादं मूल मात्र आधारवरच्या नावात काना-मात्रेचा फरक असल्यामुळे गळतं. पट १९ असेल तर हा एक काना महाग पडतो. जुलै-ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांकडे बसून यादी तपासा.

कायदा काय देतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत हवी, पण त्याला किमान २० मुलांची अटही जोडलेली आहे. वस्ती लहान म्हणून शाळा देता येत नसेल, तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरते. म्हणजे शाळा वाचली नाही तरी मागणी संपत नाही.

केंद्राच्या नमुना नियमांतली एक तरतूद बेटासाठी सोन्यासारखी आहे. अवघड भूभाग, पूर, रस्त्याचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत धोका असेल, तर अंतराची मर्यादा कमी करून शाळेची जागा ठरवावी, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या निवेदनात हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या. शेवटच्या ओळीत टाकलेला मुद्दा कोणी वाचत नाही.

ठराव आधी, सह्या नंतर

प्रस्ताव आला की पहिली बैठक शाळा व्यवस्थापन समितीची घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ठरावात नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहून काही साधत नाही. बंदरापासून शाळेपर्यंत किती वेळ लागतो, होडी दिवसातून किती वेळा सुटते, ओहोटीला होडी धक्क्याला लागते की चिखलातून चालावं लागतं, जून ते ऑगस्टमध्ये किती दिवस फेरी बंद राहते, हे सगळं आकड्यांत लिहा. कोकणात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते; तो माशांच्या विणीचा काळ असतो आणि दर्याही तेव्हा खवळलेला असतो. मोठी माणसं ज्या पाण्यात जाळं टाकत नाहीत त्यात पहिलीचं पोर रोज दोनदा नेणार का, हा प्रश्न ठरावात याच शब्दांत विचारला तरी चालेल.

त्यानंतर ग्रामसभेचा ठराव. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, ही एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी असेल तो आकडा. लहान बेटावर १५ टक्के म्हणजे मोजकी घरं, तेव्हा सबब चालायची नाही.

इथे एक सावधगिरी. काही वेळा ठरावाऐवजी घरोघरी फिरून पालकांची संमतीपत्रं गोळा केली जातात, किंवा ‘शाळा सोडल्याचे दाखले काढून घ्या, तिकडे चांगली सोय आहे’ असं सुचवलं जातं. सगळ्यांनी दाखले काढले की पट शून्य होतो आणि शून्य पटाच्या शाळेसाठी भांडायला कोणी उरत नाही. सोय काय, कुठली, कधीपासून, हे लेखी हातात आल्याशिवाय सही करू नका. खरोखर जायचंच असेल तर जरूर जा. तो तुमचा हक्क आहे, फक्त कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

प्रस्तावाची प्रत कोणी देत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. ‘दोन शाळांमधलं अंतर कोणी, कुठल्या मार्गाने मोजलं’ हा प्रश्न नक्की घाला. गुगल नकाशावर सरळ रेषा ओढून काढलेलं अंतर असेल, तर ते उत्तरातच उघडं पडतं.

वाहतूक भत्ता: कोण पात्र, किती मिळतो

समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो. वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत, म्हणजे महिना ६०० प्रमाणे १० महिने. वर सांगितलेल्या अंतरात शाळा उपलब्ध नाही आणि मूल पहिली ते आठवीत आहे, तर ते पात्र. जवळ शाळा असताना मर्जीने लांबची निवडली, तर नाही. हजेरी नियमित लागते.

साधारण हे कागद मागतात:

- मुलाचं आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत
- ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला; त्यात वाडीचं किंवा पाड्याचं नाव हवं, नुसतं महसुली गाव नको
- मुख्याध्यापकांचं प्रवेश व हजेरीचं प्रमाणपत्र
- घर ते शाळा अंतराचा दाखला आणि त्यावर ‘जलमार्गे’ असा स्पष्ट उल्लेख
- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव

मुलांची नावं मुख्याध्यापक वर पाठवतात, पालकांना ऑनलाइन काही भरावं लागत नाही. म्हणून यादी गेली का, कोणत्या तारखेला गेली, हे विचारत राहा.

आता हिशेब. महिन्याला २४ दिवस शाळा धरली तर ६०० रुपयांचे दिवसाला २५ रुपये होतात. त्यात होडीचं जाणं-येणं आणि बंदरापासून रिक्षा बसवून दाखवावी! शिवाय पैसा हप्त्याने आणि उशिरा येतो, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, रोज मागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बेटावर भत्त्यापेक्षा गटाने ठरवलेली होडी मागा. परवानाधारक बोट, प्रत्येक मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट, सोबत एक मोठं माणूस आणि फेरी बंद असेल त्या दिवशी गैरहजेरी न लावण्याची लेखी सूचना. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोट बुडाली, तेव्हापासून जॅकेटचा विषय कोणाला नवा राहिलेला नाही. बोटीच्या परवान्याबाबत महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारता येतं.

नव्या शाळेत प्रवेश

यात फार अडचण नाही. दाखला लगेच द्यायचा असतो, तो उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही हेही कारण चालत नाही. फक्त यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची नोंद जुन्या शाळेतून नव्या शाळेत गेली का, ते बघा. नाहीतर पोर वर्गात असतं आणि संगणकावर शाळाबाह्य.

जनरल रजिस्टर कुठे जाणार?

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. ती कुठे जाणार हा प्रश्न बैठकीत सहसा कोणी काढत नाही, आणि पुढची पन्नास वर्षं त्रास देतो तो हाच. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा या वहीतला प्रवेश-निर्गम उतारा लागतो. इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. कोळी, आगरी, आदिवासी कुटुंबांकडे बेटावर दुसरे जुने कागद फारसे नसतातच. शाळेला कुलूप लागलं आणि पावसात छप्पर गळलं, तर ती वही गेलीच समजा. म्हणून ठरावात लिहून घ्या: सर्व जनरल रजिस्टरं अमुक शाळेकडे, पानांची संख्या मोजून, पोच घेऊन दिली जातील. हस्तांतरणाआधी आपापल्या घराण्याचे उतारे काढून ठेवा.

दाद कुठे मागायची

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना कळवून झालं की लेखी तक्रार गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. दोन्ही ठराव, अंतराचा दाखला आणि फेऱ्यांचं वेळापत्रक जोडा. पोचेवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतीची होडी पकडू नका, कारण तीन महिने मोजायचे ते त्याच तारखेपासून.