बीआरएसआर म्हणजे ग्रीन सर्टिफिकेट नव्हे

कंपनीच्या वार्षिक अहवालात बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा रिपोर्ट) दिसला की "सेबीनेच, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानेच, कंपनीला पर्यावरणपूरक ठरवलंय" असं लोक वर्षानुवर्षं फॉरवर्ड करतायत, पण तसं काहीच नाहीये. हा ठरलेल्या नमुन्यातला रिपोर्ट, कंपनीच भरते, पास-नापास कोणी करत नाही, आणि २०२२-२३ पासून मार्केट कॅपनुसार (सगळ्या शेअर्सच्या एकूण बाजारमूल्यानुसार) टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचाच आहे. त्यातलं तत्त्व ६, म्हणजे पर्यावरणाचा भाग, उघडून बघा, नदीतलं, जमिनीखालचं, बाहेरून घेतलेलं पाणी यंदा किती ते किलोलीटरमध्ये, शेजारी मागच्या वर्षीचा आकडा. उपसा दुप्पट झाला तरी रिपोर्ट नियमातच बसतो! म्हणून मला तरी ते दोन रकानेच सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.