पगार वाढवला की माणूस टिकतोच का?

जळगाव एमआयडीसीत कुठल्याही चटईवाल्या मालकाला विचारा, तो हेच सांगणार, पोरं हजार-पाचशेसाठी पळतात भो. अर्धंच खरंय. अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गकडच्या २०० इंजिनियर-अकाउंटंटना विचारलं होतं की कामावर भारी कधी वाटलं आणि डोकं कधी फिरलं, १९५९ मध्ये ते छापून आलं, निघालं असं की कमी पगार, कटकट्या साहेब, विचित्र नियम यांनी माणूस वैतागतो पण ते नीट केलं तरी वैताग तेवढा थांबतो, कामात जीव लागतो तो जमलेल्या कामाने, कौतुकाने, जबाबदारीने. (त्याच्या पद्धतीवर टीकाही बरीच झाली.) आता पगारच वेळेवर नसेल तर कौतुक काय चाटायचंय! पण चटई विणायच्या लूमचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या ऑपरेटरला सेटिंगला हात लावायला सुपरवायझरची वाट बघावी लागत असेल, तर दिवाळीचा बोनस घेऊन तो शेजारच्या शेडमध्ये जाणारच.