सांगलीत दुकानगाळा घेताय? विसार देण्याआधी पाहायची कागदपत्रे आणि वकिलाचे काम

गणपती पेठेत किंवा विश्रामबागला गाळा पसंत पडला की आपल्याकडे आधी विसार दिला जातो आणि वकील आठवतो थेट दस्ताच्या दिवशी. हा क्रम उलटा हवा. पैसे हातून गेल्यावर मालकीत खोट निघाली, तर वसुलीच्या नोटिसा पाठवण्यापलीकडे वकिलाच्या हाती फारसं उरत नाही.

विकायला पात्र कोण? मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) ज्याचं नाव तो, एवढं उत्तर पुरत नाही. पेठांमधल्या जुन्या मिळकती कधी कधी अजून आजोबांच्याच नावावर असतात. तिथे लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह सगळे वारस सही करणार का, हे पाहावं लागतं. कुणी हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं; नोटरीपुढचा कागद चालत नाही. वारसांत अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं मूल असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. कुलमुखत्यार सही करणार असेल, तर त्याला विक्रीचा अधिकार दिला आहे का आणि मुखत्यारपत्र लिहून देणारा हयात आहे का, दोन्ही तपासायचं.

विक्रेत्याकडून मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मागची खरेदीखतं, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) आणि महापालिकेच्या कराच्या पावत्या मागा. नकाशात त्या जागी पार्किंग दाखवलं असेल, तर समोर शटर दिसत असलं तरी तो गाळा कायदेशीर नाही. कुपवाड एमआयडीसीतली जागा भाडेपट्ट्याची असते. तिच्या हस्तांतराला औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसीची) संमती आणि त्याचं शुल्क लागतं. आणि 2005, 2019, 2021 चे महापूर पाहिलेल्या या गावात पूररेषेची चौकशी वकिलाला वेगळी सांगा. मालकी कितीही स्वच्छ असली तरी निळ्या रेषेच्या, म्हणजे नकाशावरच्या नदीकडच्या पूररेषेच्या आत बांधकामाची परवानगी अडते.

मग येतो सर्च. वकील साधारण 30 वर्षांचे व्यवहार दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींवरून तपासतो आणि बोजा, दावा, जप्ती शोधतो. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेलं कर्ज पत्रिकेवर दिसेलच असं नाही. म्हणून मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहा, झेरॉक्सवर भागवू नका. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या, तर न सांगितलेले हिस्सेदारही पुढे येतात.

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गाळ्यात आधीपासून बसलेल्या भाडेकरूकडे. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. ‘तो महिनाभरात जाईल’ या तोंडी शब्दावर खरेदी करू नका. आधी रिकामा ताबा, मग पूर्ण रक्कम, हे कलम करारात वकिलाकडून लिहून घ्या.

दस्ताचा भाग त्यामानाने सरळ आहे. खरेदीची रक्कम आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. महिलांच्या नावावरची 1 टक्क्याची सवलत घरासाठी आहे, गाळ्याला मिळत नाही. पॅन, आधार, फोटो आणि ओळखदार साक्षीदार लागतात. सही झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची.

विकत न घेता भाड्याने घेत असाल तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

दस्त झाल्यावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा) घेऊन नगर भूमापन कार्यालयात नाव लावण्याचा अर्ज द्या, आणि महापालिकेच्या कर विभागात वेगळा. एकीकडे नाव लागलं की दुसरीकडे आपोआप लागेल, असं धरून चालू नका.