उद्याचं भाडं आणि आजची झोप

पहाटे साडेचारची कॅब आदल्या दिवशी बुक करून ठेवणं हे प्रवाशाच्या लेखी अर्ध्या मिनिटाचं काम. पुण्यातल्या ड्रायव्हरच्या फोनवर तीच ट्रिप यादीतली एक ओळ म्हणून येते: कोथरूड ते लोहगाव विमानतळ, वेळ ४:३०, भाडं अमुक, खाली ‘स्वीकारा’चं बटण. वर-खाली तशाच आणखी ओळी. यातली कोणती घ्यावी हे ठरवायला लागणारी निम्मी माहिती त्या ओळीत नसते. आगाऊ बुकिंगची ही सोय ड्रायव्हरच्या बाजूने नव्याने आखायची, तर नुसते रंग आणि बटणं बदलून भागणार नाही. त्यात गणित आहे, झोपेचं शास्त्र आहे आणि माणसाच्या नजरेची मर्यादाही आहे.

उबरने २०१६ मध्ये सिएटलपासून आगाऊ बुकिंग सुरू केलं, तेव्हा वेळ जवळ आली की नेहमीसारखीच विनंती आसपासच्या गाड्यांना जायची. गाडी मिळेलच याची हमी नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ह’ आणलं. ड्रायव्हरला ट्रिप बरीच आधी दिसू लागली आणि तेव्हाच घेता येऊ लागली. प्रवासी निर्धास्त झाला, पण त्याच्या डोक्यावरचा घोर ड्रायव्हरकडे गेला. एकदा शब्द दिला की तो पाळायचा, आणि त्या वेळेच्या आसपास येणारी चांगली भाडी सोडायची.

ट्रिप फायद्याची की तोट्याची, हे तिच्या आगेमागे काय आहे त्यावर ठरतं. समजा ड्रायव्हर धायरीला राहतो. कोथरूडपर्यंत गाडी रिकामीच जाणार. सव्वापाचच्या सुमाराला विमानतळावर प्रवासी उतरला, की एक तर विमानतळाच्या पार्किंग इमारतीत, एरोमॉलला, नंबर लावून थांबायचं, नाही तर रिकामं परत यायचं. पण सहा वाजता विमाननगरहून हिंजवडीला जाणारं बुकिंग कुणी केलेलं असेल, तर तीच सकाळ सार्थकी लागते.

गणितात याचं चित्र असं काढतात: प्रत्येक ट्रिप म्हणजे एक ठिपका. पहिली संपवून दुसरीच्या जागी वेळेत पोचता येत असेल, तर पहिलीकडून दुसरीकडे बाण. मग सगळे ठिपके कमीत कमी साखळ्यांत ओवायचे. एक साखळी म्हणजे एक गाडी. ट्रिपा आधीच माहीत असतील तर हे कोडं संगणकाला चांगलं सुटतं. एमआयटीच्या सेन्सेबल सिटी लॅबमधल्या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या वर्षभरातल्या १५ कोटींहून अधिक फेऱ्यांवर ही पद्धत वापरली आणि २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष मांडले. दिवसभराची मागणी आधीच कळली, तर ४० टक्के कमी गाड्यांत तेवढेच प्रवासी पोचवता येतात. आयत्या वेळच्या माहितीवर काम केलं तरी सुमारे ३० टक्के गाड्या वाचतात.

पण हे गणित शहराच्या बाजूने मांडलेलं आहे. ड्रायव्हरला साखळी कुठे दिसते? त्याच्या हाती सुटे ठिपके येतात. म्हणून पहिला बदल हाच हवा: ट्रिप उघडली की तिला जोडता येतील अशा दोन-तीन ट्रिपा तिथेच दिसाव्यात, आणि प्रत्येक जोडीमागे किती किलोमीटर गाडी रिकामी पळेल तेही दिसावं.

जोडी लावताना वेळेचा अंदाज कोणता धरायचा, हा नाजूक प्रश्न आहे. रस्त्यावर लवकर पोचण्याला मर्यादा असते, उशिराला नसते. मधला अंदाज धरला, म्हणजे निम्म्या दिवशी पुरेल एवढाच वेळ धरला, तर उरलेल्या निम्म्या दिवशी ड्रायव्हर पुढच्या प्रवाशाकडे उशिरा पोचणार हे ठरलेलंच. दहांपैकी नऊ दिवस पुरेल एवढा वेळ धरला तरी तीन जोड्यांची साखळी पूर्ण वेळेत जमण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे जेमतेम ७३ टक्के भरते. तेव्हा ॲपनेच सुचवलेली जोडी हुकली, तर त्याचा दंड ड्रायव्हरच्या माथी मारणं मला सरळ अन्याय वाटतो.

आता आदल्या संध्याकाळकडे या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ॲपवर १२ तास काम झालं की ड्रायव्हरने १० तास विश्रांती घेणं बंधनकारक होतं. तोच हिशेब धरला, तर पूर्ण बारा तास काम करणाऱ्या ड्रायव्हरला पहाटे चारला धायरीहून निघायचं असेल तेव्हा त्याने आदल्या संध्याकाळी सहालाच गाडी लावली पाहिजे. सहा ते नऊ म्हणजे ऑफिसं सुटण्याची, कमाईची वेळ. पहाटेच्या भाड्याची खरी किंमत म्हणजे या तीन तासांची कमाई, आणि ती यादीतल्या त्या ओळीत कुठेच दिसत नाही.

दिसत नाही म्हणून तो संध्याकाळही करतो आणि पहाटही करतो. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगात १७ तास जागं राहिलेल्या माणसांचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळला होता. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यात पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं घड्याळ झोपेकडेच ओढत असतं.

म्हणून यादीऐवजी ड्रायव्हरला त्याचा अख्खा दिवस एका उभ्या पट्टीवर दाखवावा. घेतलेल्या ट्रिपा, मधले मोकळे तास आणि झोपेचा ठळक भाग. पहाटेची ट्रिप घ्यायला बोट लावलं की झोपेचा भाग वर सरकावा आणि ‘आज सहाला थांबावं लागेल’ असं स्पष्ट मराठीत लिहून यावं. मग घ्यायची की नाही, हे त्याचं तो ठरवेल.

ही पट्टी गाडी उभी असतानाच उघडावी. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटता कामा नये. ताशी ४० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत गाडी २२ मीटर जाते. चालत्या गाडीत यादी चाळायला लावणारं ॲप हे अंतर आंधळेपणाने कापायला लावतं.

राहिली आठवण. ‘एक तास आधी’ अशी ठरावीक घंटी निरुपयोगी आहे. ड्रायव्हर आत्ता कुठे आहे त्यावरून निघायची वेळ काढून ती सांगावी. आणि आदल्या रात्री आठच्या सुमाराला ‘उद्या जमतंय ना?’ असं विचारावं, तोपर्यंत ट्रिप विनादंड सोडता यावी. रात्री आठला सुटलेल्या ट्रिपसाठी दुसरी गाडी शोधायला ॲपच्या हाती साडेआठ तास असतात, पहाटे चारला सुटली तर अर्धा तास. दोन्हींना सारखाच दंड बसणार असेल, तर घरात मूल तापाने फणफणलेलं असतानाही ड्रायव्हर पहाटेपर्यंत काही कळवणार नाही, आणि प्रवासी बॅगा घेऊन गेटवर ताटकळेल.