तिखट कानांचा छंद

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ने वर गेला. वजन जेमतेम किलोभर, लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी दहा सेंटिमीटर. पाचशे किलोमीटर उंचीवरून जाणारा एवढासा डबा गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. म्हणून छोट्या उपग्रहांच्या मागावर असणाऱ्यांच्या बोलण्यात ‘काल पास मिळाला’, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जाताना गाठला, असं आलं, की त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ऐकू आला’ एवढाच असतो. या छंदात डोळ्यापेक्षा कान तिखट लागतो, आणि ते अगदी पहिल्या उपग्रहापासून.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा गोळा. संध्याकाळी लोक घराबाहेर येऊन त्याच्याकडे बोट दाखवायचे, पण त्यांना दिसायचा तो बहुतेक वेळा त्याच्याबरोबर कक्षेत गेलेल्या रॉकेटचा मोठा टप्पा. खरा स्पुटनिक भेटला तो रेडिओवर. २०.००५ मेगाहर्ट्झवर त्याचं बीप-बीप साध्या शॉर्टवेव्ह संचावरही लागत होतं, आणि बॅटरी संपेपर्यंत सुमारे तीन आठवडे जगभरच्या हौशी लोकांनी ते ऐकलं.

डोळ्यांनी माग काढायचे प्रयत्नही मोठे झाले. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेच्या फ्रेड व्हिपल यांनी स्पुटनिकच्या आधीच, १९५६ मध्ये, ‘मूनवॉच’ नावाची मोहीम उभी केली होती. स्वयंसेवक एका रांगेत बसायचे. प्रत्येकाच्या पुढ्यात छोटी दुर्बीण आणि वाट्याला आकाशाचा एक तुकडा. उपग्रह आपल्या तुकड्यातून सरकला की हाक द्यायची, आणि ती वेळ टिपून घ्यायची. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांपैकी काहींना हा पोरखेळ वाटला होता, पण मोठे कॅमेरे तयार होईपर्यंत हीच माणसं उपयोगी पडली. ते बेकर-नन कॅमेरे पुढे जगभरात बारा ठिकाणी बसवले गेले. त्यातला एक आपल्याकडे नैनितालला होता. मूनवॉच १९७५ मध्ये बंद झाली.

ऐकणाऱ्यांकडे मात्र एक हत्यार होतं, जे दुर्बीणवाल्यांकडे नव्हतं. न थांबणारी गाडी भोंगा वाजवत फलाटावरून जाते तेव्हा येताना सूर चढा लागतो आणि पुढे गेल्यावर उतरतो. उपग्रहाच्या संदेशाचंही तेच होतं. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, ४३७ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या उपग्रहाची वारंवारता एका पासमध्ये साधारण वीस किलोहर्ट्झ खाली घसरते. ती कधी आणि किती झपाट्याने घसरते यावरून तो किती जवळून गेला ते कळतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी स्पुटनिकच्या बीपवरून नेमकं हेच करून त्याची कक्षा काढली. हिशेब उलटा करून, म्हणजे कक्षा माहीत धरून आपली जागा शोधायची, या कल्पनेतून पुढे ट्रान्झिट ही दिशादर्शक प्रणाली आली.

पण या छंदाची खरी मान उंचावली ती एका शाळेने. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे मास्तर मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रह ऐकायचे. कुठला संदेश किती वाजता लागला आणि किती वाजता गेला, याची वही. दुसरं भांडवल फारसं नव्हतं. मार्च १९६६ मध्ये सुटलेल्या कॉसमॉस ११२ची नोंद जुन्या नोंदींशी जुळेना, कारण त्याच्या कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, ७२ अंश होता आणि बैकोनूर या माहीत असलेल्या सोव्हिएत तळावरून सुटणारे उपग्रह तशा कलाचे नसत. ऑक्टोबरमध्ये वेगळ्या कलाचा कॉसमॉस १२९ सुटला. दोघांचे मार्ग नकाशावर मागे ओढत नेले तर छेद मिळाला रशियाच्या उत्तरेला, प्लेसेत्स्कजवळ. सोव्हिएत सरकारने ज्या तळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, तो वही-पेन्सिलवाल्या शाळेने उघड केला. मॉस्कोने जाहीर कबुली दिली ती १९८३ साली. पोरांनी गृहपाठ केला आणि महासत्तेला उत्तर द्यायला सतरा वर्षं लागली, असं म्हणायचा मोह आवरत नाही.

तोवर हौशी मंडळींचे स्वतःचे उपग्रहही वर गेले होते. पहिला ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१. एका अमेरिकन लष्करी उपग्रहाच्या रॉकेटवर वजन साधायला ठेवायच्या भाराच्या जागी तो बसवला होता. मोर्समध्ये ‘एचआय’ एवढंच म्हणायचा: चार टिंबं, मग दोन. टिंबांचा वेग आतल्या तापमानाबरोबर बदलायचा, म्हणजे हातात घड्याळ असलं की उपग्रहाचा ताप मोजता यायचा! अठ्ठावीस देशांतल्या ५७० हून अधिक हॅम्सनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, त्याच्या नोंदी पाठवल्या. भारताचा हॅमसॅट मे २००५ मध्ये कार्टोसॅट-१ बरोबर गेला आणि २०१४ पर्यंत चालला. त्याच्यावरून बोलायला हॅमचा परवाना लागायचा.

चौकोनी डब्यांची पद्धत १९९९ ची. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांतल्या जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्स यांनी क्यूबसॅटचं, म्हणजे ‘स्वयम्’सारख्या दहा सेंटिमीटरच्या डब्याचं, माप ठरवलं. पहिली खेप ३० जून २००३ रोजी सुटली, आणि ती सुटली कुठून, तर प्लेसेत्स्कहून.

त्यानंतर गर्दी झाली. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. रडारला दिसतात ते नुसते ठिपके, त्यांच्यावर पाट्या नसतात. आपला कोणता हे पहिल्या काही दिवसांत उपग्रहवाल्यांनाच ठाऊक नसतं. मग कुणीतरी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी हातात यागी अँटेना, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी आडव्या काड्यांची अँटेना, धरून उभा राहतो. टीव्हीसाठी बनवलेला, संगणकाला लावायचा स्वस्तातला डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतो हे २०१२ च्या सुमारास कळल्यापासून त्याला महागडा संच लागत नाही. दहा-बारा मिनिटांत लॅपटॉपच्या पडद्यावर घसरत्या वारंवारतेची एक तिरकी, मध्ये झपकन वळणारी रेघ उमटते. ती ज्या ठिपक्याच्या कक्षेशी जुळते, तो आपला. केटरिंगच्या वहीचंच हे आजचं रूप. ग्रीसमध्ये सुरू झालेल्या सॅटनॉग्ज या हौशी केंद्रांच्या जाळ्याने २०१४ पासून अशा गच्च्या एकमेकींना जोडल्या.

कानाला कधी लॉटरीही लागते. नासाचा इमेज हा उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गप्प झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी स्कॉट टिली दुसराच, गुप्त उपग्रह शोधत होते आणि त्यांना इमेज बोलताना सापडला. ऑस्कर-७ची तऱ्हा आणखी वेगळी. नोव्हेंबर १९७४ मध्ये गेलेला हा उपग्रह बॅटरी बिघडून १९८१ मध्ये मेला, आणि २१ जून २००२ ला अचानक पुन्हा ऐकू आला. बिघडलेल्या बॅटरीतला शॉर्ट सुटला होता, त्यामुळे सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली. सावलीत शिरला की तो बंद पडतो आणि उन्हात आला की नव्याने सुरू होतो. आपल्या दोन मोडपैकी, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांवर चालायच्या दोन पद्धतींपैकी, कुठल्यात जागा होईल याचा नेम नाही, म्हणून त्याचा पास धरणारे आधी तो आज कुठल्या मोडमध्ये आहे ते ऐकतात.